दोन प्रांत घेतले आणि अख्खा युरोप अंगावर आला: वॉर गेम आक्रमणाची राजकीय किंमत कशी मोजतात

नवीन खेळाडूंचा एक ठरलेला प्रश्न असतो. ‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’ या देश चालवायच्या कॉम्प्युटर गेममध्ये ऑस्ट्रिया किंवा ब्रँडनबर्ग (जर्मनीतलं एक राज्य) घेऊन खेळत होतो, शेजारचे दोन-तीन छोटे प्रांत जिंकले, सैन्य तगडं, तिजोरी भरलेली, आणि मग ज्यांच्याशी आपलं कधी काही वाकडं नव्हतं असे आठ-दहा देश एकत्र येऊन तुटून पडले, हा बग आहे का? बग नाहीये, गेम अगदी नीट चाललाय. फक्त लढाईचे नियम डोळ्यासमोर दिसतात, इतक्या तुकड्या, इतक्या तोफा, नदी ओलांडून हल्ला केला तर इतका तोटा, आणि राजकारणाचे नियम कुठल्यातरी मेनूच्या पोटात दडलेले असतात, त्यामुळे निम्म्या लोकांना ते हरल्यावरच कळतात. तर ते नियम काय आहेत, कशावरून बनवलेत आणि कुठे गंडतात ते बघू.

नुसतं सैन्य मोजलं तर काय बिघडतं

१९८४ चा बोर्डवरचा ‘ॲक्सिस अँड अलाइज’ घ्या. त्यात तटस्थ देशात घुसायचं असेल तर गेममधल्या पैशातले ३ भरायचे, की रस्ता मोकळा. स्वित्झर्लंड असो नाहीतर तुर्कस्तान, कोणी लढत नाही, शेजारी ओरडत नाहीत, बाकीच्या जगाला पत्ताच नाही. खेळाडूचा हिशोब एकच, शॉर्टकट ३ च्या लायकीचा आहे की नाही.

१९१४ मध्ये जर्मन सेनापतींनी जवळपास हाच हिशोब केला होता. फ्रान्सच्या सीमेवर भक्कम किल्ले, ते टाळून बेल्जियममधून वळसा घालायचा, आणि बेल्जियमचं सैन्य ते काय. कागदावर बरोबर होतं सगळं. पण बेल्जियमच्या तटस्थतेची हमी १८३९ च्या लंडन कराराने दिलेली होती आणि हमी देणाऱ्यांत खुद्द प्रशियाही होता, म्हणजे ज्याच्याभोवती पुढे जर्मनी उभा राहिला तोच. लंडनमध्ये मंत्रिमंडळ युद्धात उतरायचं की नाही यावरून फुटलेलं होतं, बेल्जियमने त्यातल्या बहुतेकांना एका बाजूला आणलं (दोघांनी तरी राजीनामे दिलेच). ४ ऑगस्टला जर्मन सैन्य बेल्जियममध्ये शिरलं आणि त्याच रात्री ब्रिटन युद्धात होता. ब्रिटन आला म्हणजे त्याचं आरमार आलं, समुद्रातली नाकेबंदी आली आणि हिंदुस्थानी फौजही आली, सप्टेंबर संपायच्या आत आपले जवान फ्रान्समध्ये मार्सेयला उतरले होते आणि पुढे मेसोपोटेमियात कूतच्या वेढ्यात मराठा पलटणी अडकल्या. ३ भरून रस्ता मोकळा करणाऱ्या गेममध्ये यातलं काहीच येत नाही.

आता कोणी म्हणेल की ब्रिटन फ्रान्ससाठी तसाही उतरलाच असता. असेलही, इतिहासकार त्यावर अजून भांडतात. पण कधी, किती एकजुटीने आणि किती उशिराने हे बेल्जियमने ठरवलं, आणि ऑगस्ट १९१४ मध्ये दोन आठवडे म्हणजे फार मोठी गोष्ट होती.

बांध कोरणारा शेतकरी

गावात एखादा असतोच जो दरवर्षी नांगरताना शेजाऱ्याचा बांध वीतभर कोरतो. ज्याचा बांध गेला तो चिडतोच, त्यात नवल नाही. खरी गंमत त्याच्या पलीकडच्याची, त्याचं अजून बोटभरही गेलेलं नसतं तरी तो आधी जाऊन सरकारी मोजणीचा अर्ज टाकतो, कारण पुढचा नंबर आपला हे त्याला दिसतं. गावाच्या दुसऱ्या टोकाला ज्याची जमीन आहे तो म्हणतो आपल्याला काय करायचंय. आणि कोरणारा चार-पाच वर्षं गप्प बसला तर राग हळूहळू विरतो.

युरोपा युनिव्हर्सालिसने जवळजवळ हेच गणितात बसवलंय. प्रत्येक देशाच्या मनात तुमच्याबद्दल एक आकडा असतो, गेम त्याला ‘ॲग्रेसिव्ह एक्सपान्शन’ म्हणतो, आपण सरळ बदनामी म्हणू. तुम्ही एक प्रांत घेतला की हा आकडा सगळ्यांकडे सारखा वाढत नाही. जवळच्याकडे जास्त, लांबच्याकडे कमी, ज्याचा प्रांत घेतला त्याच्या धर्माच्या आणि संस्कृतीच्या देशांकडे आणखी जास्त, प्रांत जितका श्रीमंत तितका भडका मोठा. दरवर्षी तो थोडा थोडा उतरतो. पण एखाद्या देशाकडे तो ५० च्या पुढे गेला आणि तुमच्याबद्दलचं मतही वाईट झालं की तो देश तुमच्याविरुद्धच्या युतीत जाऊ शकतो, आणि युती झाल्यावर एकाला हात लावला की सगळे येतात. जर्मनीचा भाग म्हणजे पवित्र रोमन साम्राज्य, तिथे एकाला लागून एक चिमुकली राज्यं, एकच संस्कृती, आणि साम्राज्यातली जमीन घेतल्याची बदनामी मुळातच जास्त. म्हणून तिथले दोन प्रांत महाग पडतात आणि लांब कुठेतरी त्याच्या तिप्पट मुलूख घेतला तरी फारसं कोणी हूं की चूं करत नाही.

त्याआधीच्या ‘व्हिक्टोरिया २’ मध्ये (२०१०) हे जरा ओबडधोबड होतं, अख्ख्या जगासाठी एकच बदनामी, २५ च्या वर गेलात की तुम्हाला आवरायला कोणीही युद्ध पुकारू शकतो. त्यामुळे लोक २४ पॉइंट काहीतरीवर येऊन थांबायचे आणि पाच-सहा वर्षं घड्याळ बघत बसायचे. यावर पुढे बोलू, कारण माझ्या मते खरी गडबड तिथेच आहे.

निमित्तावरून किंमत बदलते

युद्धाला काहीतरी मान्य होण्यासारखं कारण लागतं, वारसाहक्क, जुना दावा, धर्म, मित्राचं रक्षण. बहुतेक गेममध्ये कारण दाखवून केलेलं युद्ध स्वस्त आणि विनाकारण केलेलं महाग असतं. ऐकायला हे नाटकी वाटतं, जिंकायचंच आहे तर निमित्त कशाला, पण १९३८ आणि १९३९ शेजारी शेजारी ठेवून बघा. सप्टेंबर १९३८ मध्ये हिटलरने चेकोस्लोव्हाकियाचा सुडेटन भाग मागितला, म्हणाला तिथे जर्मन राहतात, आणि म्युनिकच्या बैठकीत ब्रिटन-फ्रान्सने तो देऊनही टाकला. १५ मार्च १९३९ ला जर्मन सैन्य प्रागमध्ये शिरलं, आणि तिथे राहणारे तर चेक. ‘आम्ही फक्त आपल्या लोकांना एकत्र करतोय’ ही गोष्ट एका दिवसात खोटी ठरली. ३१ मार्चला ब्रिटनने पोलंडला हमी दिली.

दोन्ही वेळा देश तोच, घेणाराही तोच. जमिनीच्या किमतीवरच बदनामी मोजणारा गेम या दोन घटना एकाच रांगेत बसवेल. ज्या गेममध्ये कारणाची तपासणी आहे त्यात मात्र सुडेटन स्वस्तात जातं आणि प्राग महागात.

सगळ्या जगाला एकच आकडा पुरतो का

‘हार्ट्स ऑफ आयर्न ४’ (२०१६) दुसऱ्या महायुद्धावरच्या सगळ्यात जास्त खेळल्या जाणाऱ्या स्ट्रॅटेजी गेमपैकी एक असावा. त्यात जागतिक तणावाची टक्केवारी आहे, ० ते १००. कोणी युद्धाची तयारी केली, कोणी हल्ला केला, तणाव वाढतो, आणि तो एका पातळीला पोचेपर्यंत लोकशाही देशांचे हात बांधलेले असतात, हमी देता येत नाही, गटात घेता येत नाही. १९३६ ला अमेरिका का झोपलीये आणि १९४१ ला का नाही, हे एका आकड्यात दाखवायला ठीक आहे. पण आकडा एकच असल्याने कुठल्यातरी कोपऱ्यातल्या भांडणाने वाढलेला तणाव लंडनला भलतीकडेच वापरता येतो.

‘ॲक्सिस अँड अलाइज’च्या १९४० वाल्या मोठ्या आवृत्तीत ३ चा नियम जाऊन नवीन नियम आला, कडक तटस्थ, म्हणजे कोणाच्याच बाजूला न झुकलेल्या, देशांपैकी एकावर हल्ला केला की बाकीचे सगळे कडक तटस्थ समोरच्या बाजूला झुकतात. हेतू चांगला आहे. पण मग स्वीडनवर हल्ला झाला म्हणून तुर्कस्तान, स्पेन आणि थेट अर्जेंटिना एका क्षणात शत्रूच्या बाजूचे. हुकूमशहा फ्रँकोचा स्पेन स्वीडनसाठी एवढा हळवा झाला असता हे काही मला पटत नाही.

खऱ्या जगात कोण कोणावर, कधी आणि कोणाच्या नजरेसमोर हे सगळं मोजलं जातं. सोव्हिएत रशियाने ३० नोव्हेंबर १९३९ ला फिनलंडवर हल्ला केला, १४ डिसेंबरला राष्ट्रसंघाने (तेव्हाच्या लीग ऑफ नेशन्सने) त्याला हाकलून दिलं, आणि दीड वर्षाने तोच फिनलंड जर्मनीच्या बाजूने रशियाविरुद्ध उतरला. ऑगस्ट १९४१ मध्ये ब्रिटन आणि रशियाने मिळून तटस्थ इराणवर हल्ला केला, रझा शाहला गादी सोडावी लागली, आणि जगाने फारसं मनावर घेतलं नाही, कारण तोवर सगळ्यांच्या डोळ्यासमोर मोठा शत्रू दुसराच होता. म्हणजे आक्रमकाला शिक्षा होतेच असा नियम केला तर तोही खोटाच. चांगल्या मॉडेलमध्ये कधी कधी आक्रमण पचायला हवं.

९ एप्रिल १९४०: एक पहाट, दोन भाऊ

मला या विषयात सगळ्यात शिकवणारी केस ही वाटते. त्या पहाटे जर्मनीने डेन्मार्क आणि नॉर्वे दोघांवर एकदम हल्ला केला. डेन्मार्कचा राजा दहावा क्रिश्चन आणि नॉर्वेचा राजा सातवा हाकोन हे सख्खे भाऊ. डेन्मार्कने काही तासांत शस्त्रं ठेवली, राजा आणि सरकार जागेवर राहिलं आणि १९४३ च्या ऑगस्टपर्यंत देशाचा कारभार बराचसा तेच बघत होते, मार्च १९४३ मध्ये तर निवडणूकसुद्धा झाली. नॉर्वेत वेगळंच घडलं. ओस्लोच्या खाडीत ऑस्कार्सबोर्ग नावाच्या जुनाट किल्ल्याने जुन्या तोफा आणि टॉर्पेडो मारून ‘ब्ल्यूखर’ ही नवी कोरी जर्मन युद्धनौका बुडवली, राजधानी ताब्यात घ्यायला आलेली माणसं तिच्यावरच होती, त्यामुळे मिळालेल्या काही तासांत राजा, संसद आणि देशाचं सोनं ओस्लोतून निसटलं. संध्याकाळी क्विसलिंग या नाझीधार्जिण्या नॉर्वेजियन पुढाऱ्याने रेडिओवर स्वतःचं सरकार जाहीर केलं, जर्मनांनी त्याला मान्यता द्या म्हटलं, राजाने नाही म्हटलं, आणि जूनमध्ये तो लंडनला गेला.

मॅपवर बघाल तर नॉर्वे जर्मनीने जिंकला, विषय संपला. आता बिल बघा. नॉर्वेचा व्यापारी जहाजांचा ताफा जगातल्या सगळ्यात मोठ्यांपैकी होता, १००० च्या वर जहाजं निर्वासित सरकारच्या हाताखाली मित्रराष्ट्रांसाठी चालली, त्यात तेलाची टँकर भरपूर. नॉर्वेतल्या फजितीवरून ७ आणि ८ मेला ब्रिटिश संसदेत पंतप्रधान चेंबरलेनची सालटी काढली गेली आणि १० मेला चर्चिल पंतप्रधान झाला (गंमत म्हणजे त्या मोहिमेतल्या गोंधळात नौदलमंत्री म्हणून चर्चिलचा वाटा मोठा होता). पुढची पाच वर्षं जर्मनीचे लाखो सैनिक नॉर्वेत अडकून पडले. आणि जो डेन्मार्क फुकटात मिळाल्यासारखा वाटला त्याच्यामुळे आइसलंडचा राजा शत्रूच्या ताब्यात गेला म्हणून १० मेला ब्रिटिश तिथे उतरले, वर्षभराने अमेरिकन आले, आणि ग्रीनलंडसाठी वॉशिंग्टनमधल्या डॅनिश राजदूताने एप्रिल १९४१ मध्ये आपल्याच सरकारला न विचारता अमेरिकेशी करार करून टाकला. अटलांटिकमधली दोन मोक्याची बेटं गेली.

गेम यातलं काय पकडतात? ‘हार्ट्स ऑफ आयर्न ४’ मध्ये निर्वासित सरकारं २०१९ च्या एक्सपान्शनमध्ये (वेगळ्याने विकत मिळणाऱ्या जोडभागात) आली, आणि जिंकलेल्या मुलखातला प्रतिकार, लोकांचं सहकार्य आणि त्यासाठी बसवायची शिबंदी यांची नीट यंत्रणा २०२० मध्ये. ताब्यातल्या देशावर किती कडक राज्य करायचं ते तुम्ही ठरवता, कडक ठेवलंत तर आज जास्त पिळून घेता येतं पण प्रतिकार वाढतो, सैल सोडलंत तर उलट. हा भाग मला आवडतो, कारण इथे आक्रमणाची किंमत एकदाच कापली जात नाही, दर महिन्याला माणसं आणि बंदुका खात राहते. शत्रूच्या संसदेत पंतप्रधान बदलणं मात्र अजून कुठल्याही सिस्टिमला नीट जमलेलं नाही, ते बहुतेक ठिकाणी ठराविक तारखेची घटना म्हणून लिहून ठेवलेलं असतं.

खरी गडबड: आकडा आधीच दिसतो

वर म्हटलं होतं ना की लोक २४ पॉइंट काहीतरीवर थांबायचे. आजच्या बहुतेक गेममध्ये तुम्ही तह करायच्या स्क्रीनवर प्रांतावर माऊस नेला की लगेच लिहून येतं, हा घेतलात तर अमक्याची इतकी बदनामी, तमक्याची इतकी. म्हणजे ४९ वर थांबा, काही वर्षं वाट बघा, परत सुरू. आक्रमण हे हप्ते भरण्यासारखं होऊन जातं. पण आक्रमण करणाऱ्याला खऱ्या आयुष्यात जी गोष्ट कधीच माहीत नसते ती हीच, की समोरचे नेमके कुठे उठतील.

जपानचं बघा. सप्टेंबर १९४० मध्ये त्याने फ्रेंच इंडोचायनाच्या (आजचा व्हिएतनाम, लाओस, कंबोडिया) उत्तर भागात सैन्य घातलं, अमेरिकेने भंगार लोखंड आणि पोलाद बंद केलं. त्रास झाला पण सोसण्यासारखा. जुलै १९४१ मध्ये दक्षिण भागात सैन्य घातलं, आणि टोकियोत बऱ्याच जणांना वाटलं होतं की फार तर असंच काहीतरी होईल. अमेरिकेने मालमत्ता गोठवली, ब्रिटन आणि डच सरकारही सोबत, आणि तेल बंद. जपानचं साधारण पाचातलं चार भाग तेल अमेरिकेतून यायचं. त्यातही अमेरिकेचा अध्यक्ष रूझवेल्टचा हुकूम मुळात मालमत्ता गोठवण्याचा होता, तेलाच्या परवान्यांचं एकेक करून बघू असा विचार होता, पण खालच्या अधिकाऱ्यांनी पैसेच मोकळे केले नाहीत आणि बंदी पूर्ण झाली. माऊस नेऊन आकडा बघायची सोय टोकियोला नव्हती, आणि रूझवेल्टलाही पुरती नव्हती.

याच्या सगळ्यात जवळ जाणारा गेम कॉम्प्युटरवरचा नाहीच, तो ‘वर्ल्ड इन फ्लेम्स’ हा १९८५ चा ऑस्ट्रेलियन बोर्ड गेम. त्यात जर्मनी-जपानने काही ठराविक आगळीक केली की फासा टाकतात, लागला तर अमेरिकेसाठी एक चकती निघते. चकत्यांच्या किमती वेगवेगळ्या आणि त्या उलट्या ठेवलेल्या, समोरच्याला दिसत नाहीत. एकूण बेरीज वाढत गेली की अमेरिकेला एकेक पाऊल मोकळं होतं, तेलबंदी, जहाजांच्या काफिल्यांना संरक्षण, शेवटी युद्ध. मित्रराष्ट्रांनी स्वतः दांडगाई केली तर चकत्या जाऊही शकतात. जपान खेळणाऱ्याला एवढंच माहीत असतं की चकत्या किती आहेत, त्यांची बेरीज किती ते नाही. नियम चार ओळींचा आहे, पण टेबलावर बसून बघा, माणूस इंडोचायनाकडे हात नेतो आणि परत मागे घेतो.

पण हा अन्याय नाही का

हा आक्षेप नेहमी येतो की आपण विचार करून खेळायचं आणि फाशाने घात करायचा, मग स्ट्रॅटेजी कसली. याच्या उलट टोकाचं उदाहरण म्हणजे जुन्या जपानवरचा कॉम्प्युटर गेम ‘शोगुन २’ (२०११). त्यात तुमची कीर्ती एका मर्यादेपलीकडे गेली की जवळजवळ सगळा जपान तुमच्यावर उलटतो, इतकी वर्षं सांभाळलेले मित्रसुद्धा. तिथे फासा वगैरे काही नाही, सगळं ठरलेलं, आणि लोकांनी त्यालाच सगळ्यात जास्त शिव्या घातल्या, कारण कोणी का उलटला याला त्याच्यापुरतं काही कारणच नसतं. म्हणजे लोकांचा राग अनिश्चिततेवर नसतो, बिनबुडाच्या शिक्षेवर असतो. चकती उलटी आहे पण ती का निघाली हे मला माहीत आहे, हे चालतं.

दुसरा आक्षेप जरा वजनदार आहे, समोर माणसंच असतील तर हे नियम हवेत कशाला. १९५९ च्या ‘डिप्लोमसी’ या बोर्ड गेममध्ये बदनामीचा आकडा नाही, फासेसुद्धा नाहीत, सात जण आणि बोलाचाली, आणि जो फार पसरतो त्याला बाकीचे आपोआप आवळतात. खरं आहे. पण तिथे सातही जण मोठ्या सत्ता खेळतात. बेल्जियमच्या खुर्चीवर कोणीच बसलेलं नसतं, नॉर्वेच्या जहाजमालकाच्या तर नाहीच नाही. लहानांची बाजू नियमांनाच मांडावी लागते.

पानिपतचा गेम केला तर

‘एम्पायर: टोटल वॉर’ मध्ये मराठे खेळता येतात, मुलुख जिंकायला मजा येते, पण अठराव्या शतकातलं मराठ्यांचं खरं दुखणं त्यात नाही. चौथाईचा पैसा लगेच हातात येतो आणि तिचं बिल दहा वर्षांनी येतं. जयपूरच्या गादीच्या भांडणात मराठ्यांनी हात घातला, खंडणीसाठी तगादा लावला, डिसेंबर १७५० मध्ये ईश्वरीसिंहाने आत्महत्या केली आणि जानेवारी १७५१ मध्ये जयपूर शहरात शिरलेल्या मराठ्यांची कत्तल झाली. १७५४ मध्ये कुंभेरला भरतपूरच्या सूरजमल जाटाला वेढा घातला, तिथे खंडेराव होळकर पडला. १७५५ मध्ये मारवाडात नागोरला जयाप्पा शिंद्यांचा खून झाला. १७६० मध्ये भाऊसाहेब उत्तरेत गेले तेव्हा राजपूत घरीच बसले, सूरजमल दिल्लीपर्यंत आला आणि निघून गेला (पानिपतातून वाचलेल्यांना त्यानेच आसरा दिला ही गोष्ट वेगळी). धर्म एक म्हणून मित्र असं धरणारा गेम इथे साफ आपटेल.

मी केला तर जयपूर, मारवाड, भरतपूर आणि अवध अशा चार जागा ठेवीन, वसुलीची स्वारी केली की पैसा तेव्हाच मिळेल आणि त्या जागेवर एक उलटी चकती पडेल. बाकी तिघांचं ठीक आहे, पण अवधचा नवाब शुजाउद्दौला याला कसा बसवायचा हे मला अजून सुटलेलं नाही. त्याच्या बापाने, सफदरजंगाने, १७५१ मध्ये फर्रुखाबादच्या बंगश पठाणांविरुद्ध शिंदे-होळकरांनाच मदतीला बोलावलं होतं, म्हणजे त्याच्या जागेवर वाईट चकत्या कमीच. अब्दालीच्या बाजूचा रोहिला सरदार नजीबखान स्वतः जाऊन त्याला भेटला, आणि १७६० च्या जुलैमध्ये शुजा अब्दालीकडे गेला. फासा ठेवला तर तो मराठ्यांकडे बऱ्यापैकी झुकता हवा, आणि भाऊ खेळणाऱ्याने त्याच्या भरवशावर यमुनेपलीकडचे बेत आखलेले असायला हवेत.